रिकाम्या गाडीतला ठोका

१

अँब्युलन्स चालवणाऱ्याचे कान पाठीत असतात, असं उस्ताद म्हणायचा. रस्ता डोळ्यांनी बघायचा आणि पेशंट पाठीने ऐकायचा. नव्या ड्रायव्हरांना त्याने हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती पोरं त्याच्यामागे कमरेवर हात ठेवून त्याची नक्कल करत. करेनात का. ज्याने डोंगरातल्या रस्त्यांवरून दिवे विझवून जखमी जवान खाली आणले होते, त्याला कोणी हसलं म्हणून अंगाला भोकं पडणार नव्हती.

लष्कराची ही गाडी शहराच्या कामाला लागली ती तात्पुरती. शहरातल्या अँब्युलन्सना माणसं पुरेनात, म्हणून वरून हुकूम आला: छावणीतल्या गाड्या आणि माणसं काही आठवडे द्या. आता, तात्पुरत्या हुकमाला मरण नसतं हे फौजेत झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. त्या काही आठवड्यांवरून दोन उन्हाळे गेले. उस्ताद आणि कंपाउंडर अजून जिने चढत होते, उतरत होते, लोकांच्या आया, बाप, लेकरं उचलत होते.

कंपाउंडर म्हणजे मागे पेशंटजवळ बसणारा फौजी परिचारक. भरती झाला त्या पहिल्या दिवशी त्याने जुन्या दवाखान्यात देतात तशा कागदाच्या पुड्या बांधून गोळ्या वाटल्या, आणि हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. उस्तादापेक्षा बराच लहान. घरी बायको आणि चिमणी नावाची एक बोलघेवडी मुलगी. त्याची स्वतःची जीभही टाळ्याला लागत नसे. मोडक्या हाडाच्या माणसालाही तो म्हणायचा, "काका, आमच्या गाडीत ओरडायला मनाई नाही, पण सुरात ओरडा." आणि काका खरोखर हसायचे.

दोघांच्या मध्ये एक पत्र्याची भिंत होती आणि तिच्यात एक सरकती खिडकी, जी सहसा सरकत नसे. वर सायरनचा कालवा. म्हणून त्यांनी सीमेवर असतानाच ठोक्यांची भाषा ठरवून टाकली होती. बोटाच्या पेराने एक ठोका म्हणजे हळू, पेशंटला धक्का सोसत नाही. दोन ठोके म्हणजे पळव, देवाचं नाव घे आणि पळव. आणि पूर्ण तळहात पत्र्यावर टेकवला, अगदी अलगद, तर संपलं. मग उस्ताद सायरन बंद करायचा आणि उरलेला रस्ता मुकाट्याने कापायचा. तळहाताला खरं तर आवाज नसे. पण उस्तादाला तो कळायचाच.

तर ती दुपार. मांडीचं हाड मोडलेल्या एका म्हाताऱ्याला दवाखान्यात सोडून गाडी परत निघाली होती. म्हाताऱ्याने वाटभर दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, आणि कंपाउंडर पुढच्या सीटवर बसून संत्रं सोलता सोलता त्यातल्या निवडक शिव्या पाठ करत होता. रस्ता मोकळा होता. उस्तादाने वेग घेतला.

मागून एक ठोका पडला.

उस्तादाचा उजवा पाय आपसूक वर आला आणि गाडी मंदावली. इतक्या वर्षांची सवय ती, विचारून थोडीच येते! हळू म्हटलं की हळू. पाच-दहा झाडं मागे गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की ठोका देणारा माणूस शेजारी बसलाय.

त्याने मान न वळवता कडेने पाहिलं. संत्र्याची एक फोड कंपाउंडरच्या तोंडापाशी येऊन थांबली होती. शिव्याही थांबल्या होत्या. थोड्या वेळाने कंपाउंडरने ती फोड परत सालीत ठेवून दिली आणि साल मुठीत मिटली.

२

माणसाचं डोकं मोठं सोयीचं असतं. उस्तादाच्या डोक्याने छावणी येईपर्यंत कारणांची रांग लावली. ऑक्सिजनचं सिलिंडर सैल असेल. स्ट्रेचरची कडी हलत असेल. उन्हाने पत्रा तापतो, आणि तापलेला पत्रा वाजतो, यात काय एवढं?

त्याने मागे चढून सिलिंडरचा पट्टा आवळला. कडीत कापडाची चिंधी कोंबली. मिस्त्रीला बोलावून सगळा पत्रा ठोकून तपासून घेतला. मिस्त्री म्हणाला, "उस्ताद, गाडी ठणठणीत आहे. तुमच्यासारखी." उस्ताद हसला, पण ते हसू काही पोटातून आलं नाही.

ठोका पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग अधूनमधून येतच राहिला. गाडी भरलेली असताना कधीच नाही. दोन ठोके कधीच नाहीत. गाडी रिकामी असावी, रस्ता मोकळा मिळून वेग चढावा, की पत्र्यावर एकच, पेराचा, ओळखीचा. आणि खरं सांगायचं तर त्यात धमकी नव्हती, राग नव्हता. कोणीतरी फार संकोचाने काहीतरी मागावं तसा तो होता.

कंपाउंडरची बडबड आटली. पेशंट असला की तो आपलं काम करी, चोख करी, पण आता तो मागे बसत नसे. दांडीला धरून उभा राही. गाडी धुताना स्ट्रेचरवरची चादर तो दोन बोटांत धरून ओढी आणि तोंड फिरवून कपड्यांच्या ढिगात टाकी. जेवणाचा डबा उघडून बघे आणि बंद करी. उस्तादाला हे सगळं दिसत होतं. पोराला काहीतरी खातंय, हे कळायला डॉक्टर लागत नाही. पण विचारायचं कसं? एकाने तोंड उघडलं, की दुसऱ्यालाही उघडावं लागणार.

३

शेवटी तोंड उघडलं ते कंपाउंडरने. सकाळची वेळ होती. छावणीच्या भिंतीच्या सावलीत गाडी उभी होती आणि दोघं मागच्या पायरीवर चहा पीत होते.

"उस्ताद, एक विचारू? हसायचं नाही."

"तुझ्या विनोदांना मी कधी हसलोय?"

"तुम्हालाही ऐकू येतो ना तो ठोका? मागे कोणी नसताना?"

उस्तादाने चहाचा घोट घेतला. चहा गरम होता, जीभ पोळली. त्या एका घोटात त्याला वायरलेसवाला आठवला. चांगला वाघासारखा गडी. झोप लागत नाही, कानात माणसं बोलतात, असं त्याने एकदा साहेबांना सरळ मनाने सांगितलं. आता तो गोदामात कांबळ्यांच्या घड्या घालत होता, आणि येणारा-जाणारा त्याला विचारायचा, "काय रे, आज कोण काय म्हणालं?" उस्तादाकडून गाडी काढून घेतली तर मागे उरणार काय? त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. आणि आणखी एक विचार आला, तो मात्र मायेचा होता. आपण ठाम नाही म्हटलं तर पोराला धीर येईल. मोठ्या माणसाने घाबरायचं नसतं.

"नाही बुवा," तो म्हणाला. "मला काही ऐकू येत नाही."

"पण तुमचा पाय उचलला जातो. मी बघतो ना. ठोका पडला की पाय वर येतो."

"खड्डा असतो."

"तो रस्ता नवा आहे, उस्ताद."

"नव्या रस्त्यालाच खड्डे लवकर पडतात."

यावर दोघंही हसले. कंपाउंडर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि मग ते पाणी थांबेना. उस्तादाने त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"ती शिवणकाम करणारी बाई आठवते?" कंपाउंडर म्हणाला. "दुकानाच्या माळ्यावरून पडली होती ती?"

उस्तादाला आठवत होती. म्हणजे बाई नाही, तो रस्ता. ठोके दोन आले होते, जोरात, आणि त्याने गाडी अशी पळवली होती की बोलायची सोय नाही. दवाखान्याच्या फाटकातच तळहात आला होता.

"पाठ मोडली होती तिची. प्रत्येक धक्क्याला मला म्हणायची, दादा, त्यांना जरा हळू सांगा ना. ओरडत नव्हती हो, विनवत होती. चादरीची कड धरून चिमटीत चुण्या घेत होती, परकराला घेतात तशा. धक्का बसला की एक चुणी. मला वाटलं, वेळेत पोचलो तर जगेल. मी दोन दिले. पुन्हा दोन दिले. माझं बरोबरच होतं ना, उस्ताद? डॉक्टरही म्हणाले, बरोबर होतं. पण ती वाचली तर नाहीच. मग निदान हळू तरी न्यायला हवी होती. एवढं एकच मागितलं होतं तिने."

उस्तादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाच्या आत पोराची हाडं लागत होती. आत्ता सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. मलाही ऐकू येतं रे. पहिल्या दिवसापासून येतं. पण एकदा नाही म्हटलेलं हो करणं म्हणजे थुंकलेलं गिळणं.

कंपाउंडरने बाहीने तोंड पुसलं. "तुम्ही नाही म्हणता म्हणजे नसेलच. माझ्या कानांपेक्षा तुमच्या पाठीवर माझा भरवसा जास्त आहे."

४

त्याच आठवड्यात कंपाउंडर आपल्या पायांनी मेजरसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या डोक्यात बिघाड झालाय. शेजारच्या माणसाला ऐकू येत नाही ते मला ऐकू येतं.

त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. मग उस्तादाला बोलावणं आलं. डॉक्टरीणबाई मायाळू होत्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली. मेजरसाहेब खिडकीशी उभे राहून घड्याळाला किल्ली देत होते.

"तुम्ही दोघं इतकी वर्षं एकत्र आहात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कधी काही वेगळं जाणवलं? तुमच्याबद्दल विचारतेय मी. झोप, भीती, कसले आवाज?"

किल्ली फिरवायची थांबली, असं उस्तादाला वाटलं.

"नाही, बाई. सगळं ठीक," तो म्हणाला. फौजेत माणसाचा हात तुटून लोंबत असला तरी तो आधी सगळं ठीक म्हणतो आणि मग पडतो. ती सवयच होती. पण बाहेर आल्यावर उस्ताद गाडीत बसला आणि किती तरी वेळ त्याला किल्ली लावता आली नाही.

कंपाउंडरच्या जागी पैलवान आला. भला माणूस, खायचा आणि झोपायचा. रिकामी गाडी निघाली की पुढच्या सीटवर त्याचं घोरणं सुरू होई. ठोक्यांनी त्याच्या पापणीचा केसही हलत नसे. पूर्वी ठोका पडला की शेजारचा माणूस दचकायचा, आणि उस्तादाला त्याचा राग यायचा. आता कोणी दचकत नव्हतं. आपण केवढा मोठा सोबती घालवला, हे त्याला तेव्हा कळलं. गाढवपणा आपला.

एका दुपारी त्याने ती अडेल खिडकी तेल घालून सरकवली आणि पुढचा आरसा तिच्या रेषेत वळवला. आरशात स्ट्रेचरचा पायथ्याकडचा भाग दिसत होता. नुकतीच बदललेली चादर, कडक इस्त्रीची, सपाट. बाहेर लख्ख ऊन होतं. पैलवान घोरत होता. उस्तादाने मुद्दाम वेग वाढवला.

रस्त्याच्या जोडावर गाडीला छोटासा धक्का बसला. आरशात चादरीची कड हलली. एक बारीक चुणी पडली. दुसऱ्या धक्क्याला तिच्याशेजारी दुसरी पडली, तेवढीच, तितक्याच अंतरावर, सरावाच्या हाताने घेतलेली. कड तिथे कोणीतरी धरली होती. धरणारं कोणी नव्हतं. मग पत्र्यावर एक ठोका.

उस्तादाने पाय उचलला. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने जाऊ लागली आणि त्या चुण्या एकेक करून सुटल्या. चादर पुन्हा सपाट झाली.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण भीतीच्या वर एक मोठा हुंदका आला आणि तो स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट ठेवून रडला. "सावकाश नेतो, बाई," तो म्हणाला. "आता सावकाशच नेतो."

पैलवानाने एक डोळा उघडला. "कोणाशी बोलताय, उस्ताद?"

"गाडीशी. झोप तू."

त्या दिवसापासून तो रिकामी गाडी बैलगाडीसारखी चालवू लागला. घरची स्कूटरही. बायको मागून म्हणाली, "अहो, सायकलवालं पोरगं पुढे गेलं आपल्या. मागे आणखी कोणी बसवलंय का?" तिने ते चेष्टेने म्हटलं होतं. त्याने मात्र वळून पाहिलं.

५

सांगून टाकायचं, असं ठरवून तो कंपाउंडरला भेटायला गेला. साहेब काढून घेऊ देत गाडी. कांबळ्यांच्या घड्या घालू. पण पोराला एकदा कळू दे, की तो एकटा नव्हता.

वॉर्डाच्या दारातच वहिनी, कंपाउंडरची बायको, भेटल्या. हातात डबा, कडेवर चिमणी.

"बरं झालं आलात, दादा. कालपासून विचारतायत तुम्हाला. आता जेवतात नीट, झोपतात. पुढच्या आठवड्यात घरी सोडतील." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक मागू? गाडीचा विषय नका काढू. मोठ्या मुश्किलीने सावरलेत."

"नाही काढत," उस्ताद म्हणाला. दुसरं काय म्हणणार? वहिनी डबा विसळायला नळाकडे गेल्या आणि तो आत शिरला.

वॉर्ड स्वच्छ होता. खिडकीतून उन्हाचा पट्टा पलंगापर्यंत आला होता. कंपाउंडरच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं, बोलणं मात्र जड झालं होतं, शब्द लांबून उचलून आणल्यासारखं. उस्तादाला पाहून तो उठून बसला.

"या, या. पैलवान काय म्हणतोय? गाडी एका अंगाने खचली असेल."

"स्प्रिंगचा पाटा तुटायच्या बेतात आहे," उस्ताद म्हणाला, आणि स्टुलावर बसला. पोरगा विनोद करतोय हे ऐकून त्याला फार बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"तुम्हाला सांगायचं होतं," कंपाउंडर म्हणाला. "मी बरा झालो तो तुमच्यामुळे. गोळ्यांनी नुसती झोप येते. पण सकाळी उठलो की मी स्वतःला सांगतो, उस्तादांना ऐकू येत नाही, म्हणजे ते नाहीच. त्यांची पाठ खोटं बोलणार नाही. एवढं म्हटलं की दिवस निघतो." त्याने उस्तादाचा हात धरला. "अजून एकदा म्हणा ना. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

उस्तादाने मान खाली घातली. आता खरं बोलणं म्हणजे या पोराच्या पायाखालची एकुलती एक फळी काढून घेणं. मग तो म्हणणार तरी काय? त्याने ठरवलं. पुन्हा खोटं बोलायचं, आणि या वेळी तरी निव्वळ मायेपोटी. ठोका आपण एकट्याने सांभाळू, मरेपर्यंत.

"मला काही," तो म्हणाला, "ऐकू येत..."

पलंगामागच्या भिंतीवर एक ठोका पडला.

पेराचा, एकच.

उस्तादाने चेहरा दगडासारखा ठेवला. डोळ्याची पापणीसुद्धा हलू दिली नाही. जमलं, असं त्याला वाटलं. मग त्याने पाहिलं की कंपाउंडर त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. तो खाली बघत होता, फरशीकडे. उस्तादाचा उजवा पाय फरशीपासून वर उचलला गेला होता आणि तिथेच थांबला होता.

कंपाउंडर पुष्कळ वेळ त्या पायाकडे बघत राहिला.

"खड्डा होता का, उस्ताद?" त्याने विचारलं.

उस्तादाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "नाही रे," तो म्हणाला. "मलाही येतो. पहिल्या दिवसापासून येतो. मी भ्यालो. तू एकटा नव्हतास, पोरा, मी होतो ना, मी शेजारीच होतो."

"शेजारीच होतात," कंपाउंडर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर उस्तादाने तो आनंदाने झेलला असता. "मग मी इतके दिवस इथे कशाला बसलोय?"

त्याने उस्तादाचा हात सोडला, उशीवर नीट आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं. चादरीची कड त्याने एकदा चाचपली आणि सोडून दिली. मग त्याने हात वर केला, पाची बोटं उघडली आणि पूर्ण तळहात भिंतीवर टेकवला. अगदी अलगद, गाडीत टेकवायचा तसा.

आवाज झाला नाही. पण उस्तादाला तो पाठीत कळला. त्याचा हात आपसूक पुढे गेला आणि समोरच्या रिकाम्या हवेत सायरन बंद करायचं बटण शोधू लागला. बाहेर विसळलेल्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला, आणि चिमणीची बडबड दाराकडे येऊ लागली.